बी विंगमधली चिनी बाराखडी

संध्याकाळी सातच्या सुमाराला मीरा रोडच्या शांती नगरातल्या कुठल्याही सेक्टरच्या नाक्यावर उभं राहावं, चीन लांब नसतो. लाल गाडी, कढईखाली भडकलेला जाळ, चिरलेल्या कोबीचा डोंगर आणि वर पाटी : 'चायनीज'. ही पाटी सवडीने बघावी. रंगाऱ्याने आपल्या देवनागरीलाच चिनी वेष चढवलेला असतो. 'च'च्या पोटाला टोक काढलेलं, 'य'चा दांडा तलवारीसारखा उगारलेला, शिरोरेषा मोडून तिचे बांबू केलेले आणि 'नी'च्या वेलांटीतून थेट ड्रॅगन निघालेला. अस्सल चिनी अक्षर मात्र पाटीवर एकही नसतं आणि त्यावाचून कोणाचं अडतही नाही. मंचुरियनचा जन्म मुंबईतला, आणि चायनीज भेळेबद्दल चीनला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

खरी चिनी अक्षरं आमच्याकडे घराघरांत आहेत, फक्त ती पाठीमागे राहतात. मच्छर मारायच्या बॅटच्या मुठीवर, चार्जरच्या पोटावर, दिवाळीच्या माळेच्या खोक्याखाली आणि सूचनापत्रकाच्या त्या बाजूला, जी बघताच आपण कागद उलटतो. आणखी एक जागा म्हणजे दार. लाल फितीत बांधलेली, मधे चौकोनी भोक असलेली फेंगशुईची तीन नाणी शांती नगरात दर दोन दारांआड लटकतात. त्या भोकाच्या चार बाजूंना चार अक्षरं असतात. आमच्या मजल्यावर त्यांचा अर्थ 'लक्ष्मी, आत ये' इथपासून 'शेजाऱ्याची दृष्ट टळो' इथपर्यंत लावला जात असे. बी विंगच्या काकांनी ती वाचून दाखवली त्या दिवशी मजल्यावर जरा नाराजीच पसरली. आधी वरचं अक्षर, मग खालचं, मग उजवं, शेवटी डावं, असा क्रम. निघालं काय, तर 'छ्येनलुंग बादशहाच्या राजवटीतलं चलनी नाणं'. हा बादशहा १७३५ मध्ये गादीवर आला आणि १७९६ मध्ये उतरला. म्हणजे लक्ष्मी नाही, दृष्ट नाही, निव्वळ सरकारी मजकूर. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी नाणी उलटी टांगली आहेत. त्या बाजूला मांचू लिपीत टांकसाळीचं नाव असतं. वहिनींच्या मते ते दोन ड्रॅगन आहेत, आणि काकांनी वाद घातला नाही.

काका बँकेतून निवृत्त झाले. हयात चेकवरच्या सह्या पडताळण्यात गेली. मुलगी सिंगापुरात. तिथल्या शाळेत इंग्रजीबरोबर एक मातृभाषा घ्यावी लागते. नातवाने वर्गातल्या दोस्तांबरोबर बसायला मिळावं म्हणून चिनी घेतली. आता हे आजोबा सोलापूरचे, आजी चिपळूणची, घर मीरा रोडचं आणि नातवाची सरकारदरबारी मातृभाषा चिनी. व्हिडिओ कॉलवर तो वही कॅमेऱ्यासमोर धरून म्हणायचा, "आजोबा, वाचा." आजोबा म्हणायचे, "वा! सुरेख अक्षर आहे!" सह्या ओळखण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ही थाप किती दिवस पचणार? एके दिवशी काका स्टेशनजवळच्या दुकानातून गणिताची चौकटीची वही घेऊन आले.

पहिला मार्ग आपल्या सगळ्यांच्या रक्तातला : गिरवणं. पाढे पाठ केले, रामरक्षा पाठ केली, तशी अक्षरंही होतील. 'एक' म्हणजे एक आडवी रेघ. 'दोन' म्हणजे दोन. 'तीन' म्हणजे तीन. काका खूश. चिनी लोकांत याच जागेवर एक जुना विनोद सांगतात. एका शेठजीच्या मुलाला मास्तरांनी एवढे तीन आकडे शिकवले. पोराने कुंचला खाली ठेवला आणि बापाला म्हणाला, "मला सगळं येतं, मास्तरांना काढून टाका." बापाने काढलं. मग एका पाहुण्याला आमंत्रण लिहायला सांगितलं. पाहुण्याचं आडनाव होतं वान, म्हणजे दहा हजार. दुपार झाली तरी पत्र येईना म्हणून बाप बघायला गेला, तर पोरगा घामाघूम होऊन म्हणतोय, "याला दुसरं आडनाव मिळालं नाही? सकाळपासून जेमतेम पाचशे रेघा झाल्यात!" काकांचीही विकेट 'चार'वरच पडली. चार म्हणजे चार रेघा नव्हेत. चौकोनी खोलीत कोणाचे तरी दोन पाय दिसावेत तसं ते अक्षर.

तरी काकांनी नेट लावला. एकेक अक्षर शंभर वेळा. सोमवारी पाच अक्षरं, मंगळवारी पाच, बुधवारी पाच. गुरुवारी सोमवारची पाचही गायब. हाताला लिहिता येत होतं, डोळ्याला ओळखता येत नव्हतं. शंभरातल्या पहिल्या दहा वेळा माणूस अक्षर लिहितो, पुढच्या नव्वद वेळा त्याचा हात लिहितो आणि तो स्वतः वाटाणे महागल्याचा विचार करत असतो. हे काही काकांचंच वैगुण्य नव्हे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक शब्द स्वतः पाठ करून आणि स्वतःच विसरून त्याचा हिशेब १८८५ मध्ये छापला. विसरण्याची मोठी लाट पहिल्याच दिवशी येते, आणि अंतराअंतराने पुन्हा उजळणी केली तर गोष्ट टिकते, असं त्यातून निघालं. पुढे १९७२ मध्ये लाइटनर नावाच्या लेखकाने त्यासाठी कप्प्यांच्या पेटीची युक्ती सांगितली.

काकांनी ही पेटी पेढ्यांच्या पाच रिकाम्या खोक्यांतून उभी केली. चिठ्ठ्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापल्या. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि मधूनच 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' हा छापील आग्रह. पहिला खोका रोज उघडायचा, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने, असं करत पाचवा महिन्याने. अक्षर ओळखलं की चिठ्ठीला बढती, चुकलं की थेट पहिल्या खोक्यात पदावनती. बँकेत अशी शिस्त कधी दिसली नव्हती, असं काका म्हणतात. काकूंचं म्हणणं वेगळं : "खोक्यात पेढे होते तेव्हा कोणी महिनामहिना थांबत नव्हतं."

पण काकांना खरी गती आली ती अक्षरं फोडायला शिकल्यावर. बाहेरून बघणाऱ्याला चिनी अक्षर म्हणजे कोणीतरी काडेपेटी सांडल्यासारखं वाटतं. ते काड्यांचं नसतं, भागांचं असतं. शू शन नावाच्या पंडिताने इसवी सन १००च्या सुमारास ९,३५३ अक्षरं गोळा करून त्यांची ५४० भागांखाली वाटणी केली. पुढे खांगशी बादशहाच्या काळात, १७१६ मध्ये पुऱ्या झालेल्या कोशात अक्षरं ४७ हजारांवर गेली आणि भाग मात्र २१४वर आले. काका म्हणाले, "सत्तेचाळीस हजार खातेदार असू देत, शाखा दोनशे चौदाच आहेत ना? मग जमेल."

डावीकडे तीन शिंतोडे दिसले की पाण्याशी नातं : नदी, सरोवर, समुद्र, अश्रू, रस, धुणं. खाली चार ठिपके म्हणजे बहुधा विस्तव. डोक्यावर गवताची काडी म्हणजे झाडपाला. डोक्यावर पाऊस म्हणजे बर्फ, धुकं, गडगडाट. विजेच्या जुन्या अक्षरावरही पाऊस होता. १९५६ पासून चीन सरकारने अक्षरं सोपी करायला घेतली तेव्हा तो काढून टाकला. आमच्याकडे हे काम निसर्गच करतो : पाऊस आला की वीज आपणहून निघते.

एवढं झालं अर्थाचं. दुसरा भाग उच्चाराचा, आणि दहातली आठ अक्षरं तरी अशी जोडगोळीची असतात. घोडा म्हणजे 'मा'. मग बाई आणि घोडा मिळून आई, कारण तिचाही उच्चार 'मा'. तोंड आणि घोडा मिळून वाक्याच्या शेवटी येणारा 'का?'. दगड आणि घोडा म्हणजे आकडा, किडा आणि घोडा म्हणजे मुंगीतला 'मा', आणि घोड्यावर दोन तोंडं बसवली की शिवी देणं. काकूंनी विचारलं, "आईत घोडा कशाला?" काका म्हणाले, "आवाजापुरता." काकू म्हणाल्या, "घरात आवाज कोणाचा असतो ते त्यांनाही माहीत आहे तर." या आवाजी भागावर डोळे मिटून विसंबू नये, हे मात्र सांगायला हवं. जोड्या जुळवल्या तेव्हाचा उच्चार दोन हजार वर्षांत कुठच्या कुठे गेलेला असतो. तरी चीनमधली माणसंही अनोळखी अक्षर दिसलं की अर्धं वाचून वेळ मारून नेतात. काकांना हे कळल्यावर त्यांचा संकोच गेला. अर्धं वाचून सही करणारी माणसं त्यांनी बँकेत पुष्कळ पाहिली होती.

उरलेल्या अक्षरांसाठी गोष्टी रचायच्या. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. दोन झाडं म्हणजे रान, तीन म्हणजे घनदाट. बाई आणि मूल म्हणजे 'चांगलं'. छपराखाली डुक्कर म्हणजे घर, आणि छपराखाली बाई म्हणजे शांतता. शांती नगरात, वन रूम किचनच्या छपराखाली, एक बाई, तिची सासू आणि पाण्याची वेळ अशी तिन्ही एकत्र आली की काय होतं, याची चौकशी न करता हे अक्षर केलेलं दिसतं. तीन बायका एकत्र काढल्या की जुन्या लिपीत जो शब्द होतो, तो काकांनी काकूंना अजून सांगितलेला नाही.

या गोष्टी इतिहास म्हणून कोणाला ऐकवू नयेत, एवढं पथ्य पाळावं. कासवाच्या कवचावर आणि हाडांवर कोरलेली सर्वांत जुनी अक्षरं विद्वानांच्या नजरेला आली १८९९ मध्ये. शू शनने ती कधी पाहिलीच नव्हती, आणि त्याच्या काही व्युत्पत्ती त्यामुळे लटक्या ठरल्या. तेव्हा गोष्ट खरी असण्यापेक्षा लक्षात राहणारी असावी. या कामात ती जेवढी आचरट तेवढी चांगली. काकांच्या काही गोष्टी मी इथे लिहू शकत नाही. त्यांत सोसायटीचे आजी-माजी पदाधिकारी आहेत.

मग येतात जुळी. हात पसरून उभा माणूस म्हणजे 'मोठा'. त्याच्या पायाशी ठिपका दिला की 'फार', खांद्यापाशी दिला की 'कुत्रा'. एका ठिपक्याच्या चुकीने 'फार मोठे साहेब' कुठे जातील याचा नेम नाही. इथे एकटं अक्षर घोकून भागत नाही, ते शब्दात बघावं लागतं. संध्याकाळी दादरच्या फलाटावर उभा असलेला मीरा रोडकर इंडिकेटर अक्षर लावून वाचतो का? 'भा' दिसला की पळायचं, 'वि' दिसला की विचार करायचा, शेजारी जलद आहे की धीमी ते बघायचं, आणि हे सगळं समोरच्याचं डोकं आड आलेलं असताना. अर्धा डबा दिसला तरी पुरतो, कारण या वेळेला कुठली गाडी येऊ शकते हे ठाऊक असतं. चिनी वाचन असंच चालतं. सुटी अक्षरं पाठ केलेल्या काकांनी एका जाहिरातीत 'पूर्व' आणि 'पश्चिम' ओळखलं आणि जागेची जाहिरात समजून पुढे वाचत गेले. ही दोन अक्षरं लागून आली की अर्थ होतो 'वस्तू'. मीरा रोडच्या माणसाला हे पटणं अवघड. आमच्या पूर्वेला सगळ्या वस्तू आहेत, पश्चिमेला मिठागरं आणि खारफुटी.

किती अक्षरं आली म्हणजे वाचता येतं? चीनमध्ये १९८८ साली नेहमीच्या वापरातल्या अक्षरांची यादी झाली : २,५०० पहिल्या गटात, १,००० दुसऱ्या. पहिल्या गटाने रोजच्या मजकुराचा सुमारे ९८ टक्के भाग झाकला जातो, आणि अगदी नेहमीच्या हजार अक्षरांतच नव्वदच्या आसपास. नव्वद टक्के ऐकून काकांना डिस्टिंक्शन मिळाल्यासारखं झालं. लवकरच कळलं की त्या नव्वदांत 'आहे', 'नाही', 'आणि', 'तो', 'मोठा' असली मंडळी बसलेली असतात. बातमी उरलेल्या दहात असते. 'काल मोठा अमुक झाला आणि दोन तमुक' एवढं काका सफाईने वाचतात. अमुक काय आणि तमुक कोण, यासाठी कोश.

ए विंगमधली आयटीतली मुलगी म्हणते, "काका, फोनचा कॅमेरा धरा, भाषांतर येतं." ती चूक नाही. खुद्द चीनमध्ये माणसं फोनवर रोमन लिपीत उच्चार टाकतात आणि समोर येणाऱ्या अक्षरांतून हवं ते निवडतात. ही रोमन पद्धत १९५८ मध्ये अधिकृत झाली. त्यामुळे शिकलेली माणसंही हातात पेन आल्यावर अडतात. 'शिंक' लिहायला सांगितलं तर भले भले डोकं खाजवतात, असं सांगतात. काकांनी यातून स्वतःच्या सोयीचा निष्कर्ष काढला : लिहिणं नंतर, आधी ओळखणं. ओळखायला लिहिण्याच्या निम्मेही कष्ट पडत नाहीत. पण कॅमेऱ्याचं त्यांनी मानलं नाही. "नातवाशी काय फोनने फोनवर बोलायचं?"

आणि इथे काकांच्या खिशात एक हुकमाचा एक्का आहे, तो ते सोलापूरकर असल्याने वारंवार टाकतात : डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली सोलापुरात जन्म, मुंबईत वैद्यकीय शिक्षण. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने चीनला निघालं, त्यात हे होते आणि नागपूरचे चोळकरही. चीन तेव्हा जपानशी लढत होता. या तरुणाकडे लग्नपत्रिकांच्या चिठ्ठ्या नव्हत्या आणि वर्गही नव्हता. होते ते जखमी शिपाई, ज्यांना कुठे दुखतंय हे फक्त चिनीत सांगता येत होतं. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवत होते, शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तक चिनीतून लिहीत होते. तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं, त्यातलं एक अक्षर भारताचं आणि एक चीनचं. मूल काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय अवघं बत्तीस. शांताराम बापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यात स्वतः कोटणीस झाले. आमच्या पिढीला कोटणीस माहीत आहेत ते त्या चित्रपटामुळे. चार वर्षांत परक्या लिपीत पुस्तक लिहायला बसलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे बघायला काकांनी शिकवलं.

कोटणीस एकटे नव्हेत. पुण्याचे पु. वि. बापट पाली ग्रंथ नीट लावण्यासाठी चिनी शिकले आणि विनयावरचा चिनीतला टीकाग्रंथ इंग्रजीत आणला. १९७० मध्ये भांडारकर संस्थेने तो छापला. वसंत परांजपे १९४७ मध्ये विद्यार्थी म्हणून पेकिंगला गेले आणि पुढे नेहरू-माओ यांच्यामध्ये दुभाषे म्हणून बसले. उलट दिशेने ह्युएन त्संग सातव्या शतकातच येऊन गेला. त्याने 'महाराष्ट्र' हे नाव उच्चार धरून चिनी अक्षरांत बसवलं आणि इथल्या माणसांबद्दल लिहून ठेवलं की ही उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, आणि सूड घ्यायचा असेल तर शत्रूला आधी कळवतात. आमच्या सोसायटीत अजून तसंच आहे. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी लागते.

या सगळ्यांत समान गोष्ट एकच दिसते : कोणाला तरी काहीतरी वाचायचंच होतं. जखमी माणूस, जुना ग्रंथ, नातवाची वही. नुसती अक्षरं शिकायची म्हणून शिकणारे तिसऱ्या खोक्यापर्यंत येतात आणि पेढे आणतात, असं माझं मत आहे.

काकांची विद्या एकदाच जाहीर कसोटीला लागली. गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या सीसीटीव्हीचा पडदा कोणा पोराच्या हातून चिनी झाला. सगळे मेनू चिनी. दुरुस्तीवाला सोमवारी येणार होता, आणि मधे शनिवार-रविवारी पार्किंगचं भांडण ठरलेलं होतं. सेक्रेटरी काकांना घेऊन आले. वॉचमनच्या केबिनमध्ये आठ माणसं, एक माउस. काका चष्मा वर करून पडद्याला नाक लावून बसले. त्यांना हवी होती 'भाषा'. त्या शब्दात दोन अक्षरं, आणि दोन्हींत 'बोलणे' हा भाग : पहिल्यात डावीकडे आक्रसलेला, दुसऱ्यात ऐसपैस. यादीत एके ठिकाणी तो आक्रसलेला भाग दिसला. काकांनी "हेच!" म्हणून दाबलं. ते 'भाषा' नव्हतंच. ते 'सेटिंग' होतं, त्यातही बोलण्याचा तोच भाग असतो. पण भाषा बदलायची सोय नेमकी सेटिंगच्याच पोटात असते. नवा पडदा उघडला, त्यात तिसऱ्या ओळीत दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी उभी. काकांनी दाबलं. इंग्रजी आली. टाळ्या झाल्या. मधली गल्लत काकांनी मला जिन्यात सांगितली, सेक्रेटरींना नाही. भागाने गटापर्यंत नेलं, घरापर्यंत संदर्भाने, असा त्यांचा अहवाल आहे, आणि तो मला मान्य आहे.

तेव्हापासून काकांच्या पेढ्यांच्या खोक्यांना बी विंगमध्ये मान आहे. नातू हल्ली वही धरतो तेव्हा काका वाचतात, चुकतात, आणि तो आठ वर्षांचा गुरू त्यांना नावं ठेवतो. सराव सतत लागतो आणि वाचायला मजकूर कमी पडतो, एवढीच अडचण आहे. म्हणून शांती नगरवासीयांना विनंती : राइस कुकरचं, मिक्सरचं, खेळण्याचं, कसलंही चिनी सूचनापत्रक घरात पडलं असेल तर रद्दीत देऊ नका. बी विंगमध्ये, लिफ्टच्या डाव्या हाताला, आणून द्या. दोन दिवसांत अर्थ सांगण्यात येईल. दारावरची नाणी मात्र वाचायला आणू नयेत, काकूंनी मनाई केली आहे.